घरात केबलचे इंटरनेट घेताना: तारेपासून वायफायपर्यंत काय काय तपासावे

घरात इंटरनेट घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत दोनच गोष्टींची चौकशी होते. महिन्याला किती रुपये आणि किती एमबीपीएस? केबलवाला येतो, तार ओढतो, डबा भिंतीला लावतो आणि जातो. महिनाभरात तक्रारी सुरू होतात. हॉलमध्ये नेट पळते, आतल्या खोलीत नुसते गोल फिरत राहते. कुवेतहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला की आवाज येतो पण चेहरा थिजतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना शेवटच्या पानावर साइट अडकते. मग जास्त वेगाचे पॅकेज घेतले जाते. पैसे वाढतात, त्रास तसाच राहतो.

कारण बऱ्याच वेळा दोष पॅकेजमध्ये नसतोच. दारातून आत आलेली तार, तिला जोडलेला डबा, डब्याची जागा आणि घरातले वायफाय, यांपैकी कुठेतरी गाडी अडलेली असते. या चारही गोष्टी इंजिनिअर नसलेला माणूस स्वतः पाहू शकतो. नवे कनेक्शन घेणाऱ्यांना आणि जुन्यावर वैतागलेल्यांना उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

तुमच्या घरी येणारी तार कोणती?

‘केबलचे नेट’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्या नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या तारा येतात. कोणती येणार आहे, हे पैसे देण्याआधी विचारा.

पहिली म्हणजे टीव्हीची जाड गोल तार, कोॲक्सियल केबल. टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही हिच्यातून येतात. हिच्यासाठी केबल मॉडेम लागतो आणि तो ‘डॉक्सिस’ नावाच्या पद्धतीवर चालतो. मॉडेम किमान डॉक्सिस ३.० चा असावा. त्याच्या आधीच्या जुन्या मॉडेमवर आजचे वेग मिळत नाहीत.

दुसरी म्हणजे लॅन वायर. इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्यात एक स्विच बसवलेला असतो आणि तिथून निळी किंवा करडी वायर घरापर्यंत येते. या वायरची मर्यादा १०० मीटर आहे. त्यापेक्षा लांब ओढली की नेट तुटक चालते. शिवाय ती तांब्याची असल्यामुळे पावसाळ्यात विजेचा झटका तिच्यातून आत येऊ शकतो आणि राऊटरचे पोर्ट जळते.

तिसरी म्हणजे फायबर. केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो. हिच्यासाठी ओएनटी किंवा ओएनयू नावाचा डबा लागतो. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे या तारेवाटे झटका येण्याची भीती जवळजवळ नसते आणि अंतर जास्त असले तरी वेग टिकतो. तुमच्या भागात तिन्ही मिळत असतील तर फायबरच घ्या. फक्त एक खात्री करून घ्या की फायबर थेट घरात येणार आहे. काही ठिकाणी फायबर इमारतीपर्यंतच येते आणि पुढे लॅन वायर असते, पण विकताना त्यालाही ‘फायबर’च म्हणतात.

किती वेग पुरतो?

सरकारी व्याख्येप्रमाणे २००४ साली २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. घरच्या वापराला अर्थातच यापेक्षा जास्त लागते, पण जाहिरातीत दाखवतात तितके सर्वांना लागत नाही.

साधा हिशोब असा. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ पाहायला साधारण ५ एमबीपीएस, फोर-के टीव्हीला १५ ते २५, ऑनलाइन क्लास किंवा व्हिडिओ कॉलला ३ ते ४. एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या कामांची बेरीज करा आणि तिच्या दुप्पट वेगाचे पॅकेज पाहा. अम्मी-अब्बा, तीन मुले आणि एक टीव्ही अशा घराला ५० एमबीपीएस बहुधा पुरते. घरून काम करणारे दोघे असतील तर १०० घ्या.

एमबीपीएसमध्ये ‘बिट’ मोजतात, फाइलचा आकार ‘बाइट’मध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या नेटवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरते. इतके मिळत असेल तर नेट बरोबर आहे.

पॅकेज ठरवताना आणखी चार प्रश्न विचारा. अपलोडचा वेग किती? व्हिडिओ कॉलमध्ये आपला चेहरा समोरच्याला नीट दिसणे अपलोडवर अवलंबून असते आणि कोॲक्सियल केबलवर अपलोड बऱ्याचदा डाउनलोडपेक्षा खूप कमी असतो. डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो? सांगितलेली किंमत कर धरून आहे का? इंटरनेट सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ५०० रुपयांचे पॅकेज हातात ५९० ला पडते. आणि डबा विकत की वापरायला? वापरायला असेल तर अनामतीची पावती घ्या, कनेक्शन सोडताना तीच लागते.

तार ओढण्याआधी घरात काय तयार ठेवावे

जोडायला आलेला माणूस त्याला सोपी पडेल ती जागा निवडतो. बहुतेक वेळा ती दाराशेजारची किंवा टीव्हीमागची असते. जागा आपण आधीच ठरवून ठेवलेली बरी.

- डबा घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीच्या वर आणि उघड्यावर असावा. लोखंडी कपाटामागे, टीव्हीमागे, आरशामागे किंवा स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हजवळ नको.
- तिथे स्वतंत्र प्लग पॉइंट हवा. डबा आणि राऊटर वेगळे असतील तर दोन. एक्स्टेंशन बोर्डवर मिक्सर आणि इस्त्रीबरोबर डबा लावू नका.
- भाड्याचे घर असेल तर भोक पाडण्याआधी घरमालकाला विचारा. सोसायटी असेल तर तार कोणत्या डक्टमधून न्यायची हे ठरवून घ्या.
- भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला खाली उतरते असावे आणि तारेला आत शिरण्याआधी खाली झोल द्यावा. नाहीतर पावसाचे पाणी तारेवरून सरळ घरात येते.

फायबर असेल तर तिला कुठेही बांगडीपेक्षा लहान वळसा पडू देऊ नका. दाराच्या फटीतून दाबून नेलेली, खिळ्याने ठोकलेली किंवा गाठ मारलेली फायबर बाहेरून धड दिसते, पण आतला प्रकाश वाटेतच गळतो.

जोडणीच्या दिवशी काय तपासावे

‘चालू झालं बघा’ असे म्हणून माणूस निघण्याआधी पंधरा मिनिटे मागा. या पंधरा मिनिटांत जे कळते ते नंतर महिनाभर फोन करूनही कळत नाही.

फायबरवाल्यांनी आधी सिग्नल मोजून घ्यावा. जोडणाऱ्याकडे पॉवर मीटर असतो आणि ओएनटीच्या सेटिंगच्या पानावरही आकडा दिसतो. तो ‘डीबीएम’मध्ये असतो आणि उणे असतो. उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर उत्तम. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल, पण पावसात किंवा उन्हात तार जरा हलली की बंद पडेल. अशा वेळी जोड पुन्हा करायला सांगा. मिळालेला आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे नेट खराब झाले तर तुलना करता येते. आणखी एक: हिरव्या टोपीचा जोड हिरव्यातच आणि निळ्या टोपीचा निळ्यातच बसवायचा. दोन्हींच्या काचेची टोके वेगळ्या कोनात घासलेली असतात. चालू फायबरच्या टोकात डोळा घालून कधीही पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. लहान मुलांना त्यापासून दूर ठेवा.

कोॲक्सियलवाल्यांनी स्प्लिटर पाहावा. एका तारेच्या दोन करणारी ही डबी सिग्नलची ताकद निम्म्याहूनही थोडी खाली आणते. दोन स्प्लिटर एकामागे एक असतील तर पाव भागाच्या आसपासच उरते. म्हणून बाहेरून आलेली तार पहिल्याच स्प्लिटरला लागावी, त्यातली एक वाट थेट मॉडेमला आणि दुसरी टीव्हीकडे. टीव्हीसाठी बसवलेला जुना बूस्टर वाटेत असेल तर तो काढा. असे बरेच बूस्टर एकाच दिशेने सिग्नल जाऊ देतात आणि मॉडेमला उलट उत्तर पाठवता येत नाही. तार आरजी-६ असावी आणि कनेक्टर दाबून बसवलेला असावा, हाताने पिळलेला नको. मॉडेमच्या पानावर येणारा सिग्नल उणे ७ ते अधिक ७ ‘डीबीएमव्ही’च्या आत असेल तर काळजी नाही.

लॅन वायरवाल्यांनी वायरीतल्या किती तारा जोडल्यात ते विचारावे. आत आठ असतात. काही जण चारच जोडतात आणि उरलेल्या चार शेजारच्या घराला देतात. चार तारांवर वेग १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही.

हीच गोष्ट राऊटरची. त्याचे पोर्ट ‘फास्ट इथरनेट’चे असतील तर २०० चे पॅकेज घेतले तरी तारेवर ९५ च्या आसपासच मिळेल. १०० च्या वरच्या पॅकेजला ‘गिगाबिट’ पोर्टचाच डबा मागा.

यानंतर वेगाची खरी चाचणी करा. लॅपटॉप लॅन वायरने थेट डब्याला जोडा, वायफाय बंद करा आणि मग स्पीड टेस्ट घ्या. तारेवर पूर्ण वेग मिळाला म्हणजे कंपनीने आपले काम केले. तारेवर पूर्ण आणि मोबाइलवर निम्मा मिळत असेल तर दोष घरातल्या वायफायचा आहे. तारेवरच कमी असेल तर दोष त्यांचा आहे आणि तो दुरुस्त करून मगच त्यांनी जावे. ही एक चाचणी केली की कोणाला जबाबदार धरायचे हा वाद मिटतो. घरात लॅपटॉप नसेल तर जोडणाऱ्याला स्वतःचा आणायला आधीच सांगून ठेवा.

वायफाय: एका घरात दोन पट्टे

आजचे बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर जातो, भिंतीतून आरपार जातो, पण वेग कमी देतो. शिवाय इमारतीतले सगळे त्याच्यावरच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आहे, पण एक-दोन भिंतींत दमतो. म्हणून टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर जोडा, लांबच्या खोलीतला मोबाइल आणि कॅमेरा २.४ वर.

दाट वस्तीत २.४ चे चॅनेल हाताने बदलून पाहा. १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. मोबाइलवरच्या वायफाय ॲनालायझर प्रकारच्या ॲपमध्ये कोणत्या चॅनेलवर कमी गर्दी आहे ते दिसते.

कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींत किंवा वरखाली दोन मजल्यांच्या घरात एक राऊटर पुरत नाही. तिथे स्वस्त रिपीटर लावण्यापेक्षा दुसऱ्या खोलीपर्यंत लॅन वायर ओढून तिथे दुसरा राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावणे बरे. साधा रिपीटर त्याच हवेतून घेतो आणि त्याच हवेतून देतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. वायर एकदाच ओढावी लागते आणि वर्षानुवर्षे चालते.

वीज गेली तर?

मालेगाव-भिवंडीपासून कोकणातल्या गावांपर्यंत वीज जाण्याची सवय सगळ्यांना आहे. ओएनटी आणि राऊटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो काही तास खेचतो. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट तेवढेच असावेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. मात्र वाटेतला कोॲक्सियलचा ॲम्प्लिफायर किंवा गच्चीवरचा स्विच बंद झाला तर तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही. केबलवाल्याकडे बॅटरी आहे का, हे विचारून मगच खर्च करा.

वादळी पावसात कोॲक्सियल आणि लॅन या तारा डब्यातून काढून ठेवा, ॲडॅप्टरही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा खांब आणि झाडे पडून तारांची काय गत झाली ते तिथल्या लोकांना आठवत असेल. खांबावरून आलेल्या कोणत्याही कनेक्शनला हा धोका राहतो. म्हणून महत्त्वाचा अर्ज शेवटच्या तारखेवर ठेवू नका आणि एका मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचा डेटा राखून ठेवा.

कनेक्शन कोणाच्या नावावर, पासवर्ड कोणाकडे

कनेक्शन घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याच्या नावावर कनेक्शन, त्याच्याच मोबाइलवर ओटीपी आणि तक्रारीचे मेसेज येतात. म्हणून परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर घेण्याऐवजी घरी राहणाऱ्या माणसाच्या नावावर घ्या. नाहीतर इथे तार तुटली की ओटीपीसाठी तिकडे फोन लावावा लागतो.

नावावर कनेक्शन असण्याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. तुमच्या वायफायवरून कोणी काहीही केले तरी तपासात पहिला पत्ता तुमचा निघतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या आधी पाठवलेला ईमेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या वायफायवरून गेल्याचे तपासात निघाले होते आणि चौकशी त्याच्यापासून सुरू झाली होती. त्या वायफायला पुरेसे कुलूप नव्हते. आपल्या मोहल्ल्यात शेजारधर्म म्हणून पासवर्ड सहज सांगितला जातो. एकाला सांगितलेला पासवर्ड दहा मोबाइलमध्ये जातो. असे कोणाच्याही बाबतीत होऊ शकते, म्हणून एवढे कराच.

- वायफायची सुरक्षा ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ ठेवा. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा असावा, मोबाइल नंबर किंवा मुलाचे नाव नको.
- राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो. कंपनीने दिलेला तो बदला.
- ‘डब्ल्यूपीएस’ हे बटण-जोडणीचे सेटिंग बंद ठेवा.
- पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ वायफाय चालू करा आणि त्याचा पासवर्ड अधूनमधून बदला.
- शेजाऱ्याला कायमचे नेट देऊ नका. बहुतेक कंपन्यांच्या अटींतही ते बसत नाही.

मुलांसाठी राऊटरमध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल’ असते, त्यात रात्रीची वेळ बांधता येते. राऊटरच्या डीएनएसमध्ये क्लाउडफ्लेअरचा कुटुंबांसाठीचा १.१.१.३ हा पत्ता घातला तर अश्लील आणि फसव्या साइट बऱ्याच अंशी अडतात. मोबाइल डेटावर हे लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा. मुलांशी बोलणे शेवटी आपल्यालाच करावे लागते.

नेट बंद पडले तर कशा क्रमाने पाहावे

१. डब्याचे दिवे पाहा. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच येत नाही. तार वाकली आहे का, निघाली आहे का पाहा, नाहीतर थेट तक्रार करा. इथे राऊटर पुन्हा चालू करून फायदा नाही.

२. लाल दिवा नसेल तर डबा आणि राऊटर दोन्ही बंद करा, एक मिनिट थांबा, आधी डबा आणि दोन मिनिटांनी राऊटर लावा.

३. बारीक छिद्रातले ‘रीसेट’ बटण दाबू नका. त्यातली कनेक्शनची माहिती पुसली जाते आणि माणूस बोलवावा लागतो. यूजरनेम आणि पासवर्ड असेल तर तो कागदावर लिहून ठेवा.

४. एकाच मोबाइलवर बंद आहे की सगळ्यांवर? एकावरच असेल तर दोष मोबाइलचा.

५. एकच ॲप चालत नसेल तर दोष नेटचा नसू शकतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲप कॉलवर अनेक वर्षे निर्बंध आहेत, तिथले लोक बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. दुबईचा कॉल लागत नाही म्हणून इथले पॅकेज वाढवण्यात अर्थ नाही.

६. बाहेरून सीसीटीव्ही दिसत नसेल तर कंपनीने एकच आयपी पत्ता अनेक घरांत वाटलेला असू शकतो. क्लाउडवर चालणारा कॅमेरा घ्या किंवा स्वतंत्र पब्लिक आयपी मागा.

तक्रार कुठे करावी

लाइनमनला फोन म्हणजे तक्रार नव्हे. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा आणि डॉकेट नंबर घ्या. तो नसेल तर पुढे काहीच करता येत नाही. तारेवर घेतलेल्या स्पीड टेस्टचा फोटो तारीख-वेळेसह ठेवा. समाधान झाले नाही तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्याला फी नाही. त्यानंतरही ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे. टेलिकॉम सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आमचा सल्ला एवढाच की पॅकेज वाढवण्याआधी एकदा लॅन वायरने वेग मोजा. घरात म्हातारी माणसे एकटी राहत असतील तर डब्यावर ग्राहक क्रमांक, ग्राहक सेवेचा नंबर आणि कोणता ॲडॅप्टर कशाचा हे मोठ्या अक्षरांत चिकटवा. परदेशातल्या मुलाला मग फोनवर सांगता येईल की कोणती वायर काढायची आणि कोणती नाही.